तळघरातल्या संपात बारा महिने पाणी : मोठा पंप घ्यावा की पाण्याचा उगम शोधावा?

कोथरूडचा_सचिव (11 जानेवारी)

नमस्कार. आमची सोसायटी कोथरूडमध्ये, वेताळ टेकडीच्या उतारावर आहे. 44 सदनिका, खाली तळघरात वाहनतळ आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात निचऱ्याचा खड्डा. त्याला आमच्याकडे सगळे संप म्हणतात. खड्डा 1.2 मीटर लांब, तितकाच रुंद आणि दीड मीटर खोल आहे. पावसाळ्यात त्यात पाणी येते याबद्दल कोणाची तक्रार नाही, परंतु आता जानेवारी उजाडला, शेवटचा पाऊस पडून अडीच महिने झाले, तरीही दर अर्ध्या तासाने पंप सुरू होतो, जेमतेम एक-दीड मिनिट चालतो आणि बंद पडतो. वर्षभरात दोन पंप जळाले. तळाशी वीतभर पाणी कायम राहते, आणि मागच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यात डासांच्या अळ्या सापडल्या.

एका ठेकेदाराने 1 अश्वशक्तीच्या पंपाऐवजी 3 अश्वशक्तीचा पंप बसवावा आणि संपूर्ण खड्डा आतून रसायनाने बंद करावा, असा प्रस्ताव दिला आहे. कार्यकारिणीतील निम्म्या सदस्यांना तो मान्य आहे. मला मात्र पाणी येते कोठून हे कळल्याशिवाय खर्च करणे पटत नाही. ज्यांनी असा प्रश्न सोडवला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

टवाळ (11 जानेवारी)

संप बारा महिने चालू आहे आणि सचिव अजून वाटाघाटींना बसलेले नाहीत, असे दिसते. आधी मागण्या काय आहेत ते तरी विचारून घ्या.

मुरूम_माती (11 जानेवारी)

टवाळ यांनी थट्टेत सांगितले असले तरी करायचे नेमके तेच आहे. पाण्याला आधी विचारले पाहिजे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि पुण्यातील बरीच तळघरे मी या एकाच कारणासाठी पाहिली आहेत.

आपल्याकडचा अखंड काळा खडक पाणी धरत नाही, परंतु त्याच्यावरचा झिजलेला मुरूम आणि खडकातील भेगा पावसाळ्यात पाण्याने भरतात, आणि हे पाणी उताराच्या दिशेने सावकाश सरकत राहते. टेकडीच्या पायथ्याशी कोणी तीन-चार मीटर खणले की ते पाणी तिथे डोकावणारच. आपण त्याला गळती म्हणतो. पूर्वी त्याच जागी विहीर खणली असती आणि पाणी लवकर लागले म्हणून नारळ फोडला असता. त्यामुळे जानेवारीत पाणी असणे अशक्य नाही. मात्र अशा पाण्याचा जोर दिवाळीनंतर हळूहळू उतरत जातो. तो जराही उतरत नसेल, तर दुसरा कोणीतरी त्यात भर घालत आहे असा संशय घ्यावा. हा दुसरा म्हणजे पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, महापालिकेची येणारी नळवाहिनी, सांडपाण्याचा चेंबर किंवा बागेला दिलेले पाणी.

खड्डा पूर्ण उपसून घ्या, पंप बंद ठेवा, खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण करा आणि बरोबर एक तासाने पातळी किती चढली ते मोजा. हे पहाटे तीनच्या सुमारास करा, कारण त्या वेळी इमारतीत पाण्याचा वापर जवळजवळ थांबलेला असतो. दुसऱ्या रात्री टाकीत येणारी आणि टाकीतून वर चढवणारी अशा दोन्ही वाहिन्या सहा तास बंद ठेवून टाकीची पातळी मोजा. बंद टाकीतील पाणी कमी झाले, तर ते कोणी प्यायलेले नाही एवढे नक्की.

तिसरी गोष्ट, पाण्यातील विरघळलेले क्षार मोजण्याचे पेनाएवढे यंत्र मिळते, ते आणून नळाचे, बोअरचे आणि खड्ड्याचे पाणी मोजा. खडकवासल्याचे पाणी मऊ असते आणि खडकातून झिरपलेले पाणी जड, त्यामुळे अंदाज लगेच येतो. क्लोरिनची चाचणीही करता येते, त्यात क्लोरिन असेल तर पाणी पिवळे होते, परंतु मातीतून झिरपताना क्लोरिन नाहीसा होतो, म्हणून पाणी पिवळे झाले नाही तर टाकी निर्दोष आहे असे समजू नका.

कोरडी_भिंत (11 जानेवारी)

मला वाटते पंपाच्या नळीतील परतीची झडप निकामी झाली असावी. पंप थांबला की नळीतले पाणी पुन्हा खड्ड्यात येते आणि पंप पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे हेच झाले होते. झडप बदलली आणि प्रश्न मिटला.

मुरूम_माती (12 जानेवारी)

शक्य आहे, आणि झडप तपासायला काही खर्चही येत नाही. परंतु हिशेब करून पाहा. दोन इंची नळी सहा मीटर उंच असेल, तर तिच्यात साधारण 12 लिटर पाणी मावते. सचिवांच्या खड्ड्यात एवढ्या पाण्याने पातळी एक सेंटिमीटरही वाढणार नाही. बाहेरचा चेंबर तुंबून त्यातलेच पाणी नळीवाटे उलटे येत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून नळीचे तोंड कोठे उघडते तेही एकदा पाहून या. एका सोसायटीत ते तळघराच्या भिंतीला लागूनच असलेल्या, पावसाचे पाणी जिरवण्याच्या खड्ड्यात सोडलेले होते. तेच पाणी दिवसभर वर चढत होते, तेच झिरपून खाली येत होते आणि विजेचे बिल सोसायटी भरत होती.

निवृत्त_हिवताप (12 जानेवारी)

अळ्यांविषयी थोडे लिहितो, कारण नोकरीची तीस वर्षे मी लोकांच्या टाक्यांमध्ये बॅटरी मारण्यातच घालवली आहेत.

डेंगी पसरवणारा एडिस डास बहुतांशी स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, तर घाण पाण्यात वाढणारा डास क्युलेक्स. तुमच्या खड्ड्यात दोघांचीही सोय होऊ शकते. आपल्या हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा तळाचे पाणी पूर्ण काढून खड्डा कोरडा केला, तर साखळी तुटते. पंप दिवसातून कितीही वेळा चालला तरी त्याच्या पात्यापर्यंत न पोहोचणारे तळाचे पाणी तसेच राहते आणि अळ्या त्यात सुखाने वाढतात. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही ती कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी काढणे पुरत नाही, भिंती लांब दांड्याच्या ब्रशने घासाव्या लागतात.

जळके इंजिन ऑइल ओतण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच; तो मानू नका. पंप ते ऑइल उचलून थेट पावसाळी गटारात टाकतो आणि तेथून ते नदीत जाते.

खजिनदार_बाई (12 जानेवारी)

काका, गप्पी मासे सोडले तर? आमच्या शेजारच्या सोसायटीने कारंज्यात सोडले आहेत.

निवृत्त_हिवताप (12 जानेवारी)

कारंज्यात जरूर सोडावेत, ताई. परंतु दर अर्ध्या तासाने उपसा होणाऱ्या खड्ड्यात मासा सोडणे म्हणजे त्याला पंपाच्या तोंडी देणे आहे.

टवाळ (12 जानेवारी)

झरा आहे, मासे येणार आहेत, वेताळाचा शेजार तर आधीपासूनच आहे. एक घाट बांधला की तीर्थक्षेत्राचा दर्जा मागता येईल.

म्हापशेकर (13 जानेवारी)

आमच्या घराखाली सामानाचे लहानसे तळघर आहे आणि घर जांभ्यावर उभे आहे. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभा ते पाणी स्पंजासारखा पितो. जुलैत भूजल जवळजवळ आमच्या फरशीपर्यंत येते. वडिलांनी एका वर्षी ठेकेदाराचे ऐकून खड्डा आणि फरशी वरून पक्की बंद करून घेतली. पुढच्या पावसात फरशी मधोमध फुगली आणि तिला तडा गेला. नंतर आलेल्या गवंड्याने काय केले, तर पायाच्या बाजूने खडी भरून भोके असलेली नळी टाकली, तिचा उतार खड्ड्याकडे दिला आणि पाण्याला सरळ वाट करून दिली. आता पाणी येते आणि जाते. सचिवांना एवढेच सांगतो, खड्ड्याचा तळ बंद करण्यापूर्वी ते पाणी मग कोठे जाईल, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.

मुरूम_माती (13 जानेवारी)

म्हापशेकरांच्या फरशीचे कारण साधे आहे. फरशीच्या खाली पाण्याची पातळी एक मीटरने वर चढली, तर दर चौरस मीटरवर सुमारे एक टन जोर खालून वर लागतो. तळघराची फरशी त्या जोरासाठी घडवलेली नसेल, तर ती उचलली जाते. निचऱ्याचा खड्डा हा जोर कमी करण्यासाठीच असतो. तोच बंद करायचा म्हणजे चहाच्या किटलीची चोच बुजवून तिला चुलीवर ठेवण्यासारखे आहे.

ठाण्याचा_रहिवासी (13 जानेवारी)

येथे सर्वांनी मिळून जलरोधक कामाला खलनायक ठरवले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या तळघराच्या भिंतीला पाच ठिकाणी पाझर होता. तिथे भोके पाडून पाण्याशी संयोग होताच फुगणारे पॉलियुरेथेन दाबाने भरले. त्याला आता तीन पावसाळे झाले, पाझर परत आला नाही आणि पंपाचे काम निम्म्यावर आले. काम योग्य जागी आणि जाणकाराकडून झाले, तर ते टिकते. सर्वच ठेकेदार फसवतात असे समजून पाणी उपसत बसणे हाही एक खर्चच आहे.

मुरूम_माती (13 जानेवारी)

मान्य. भिंतीतील नेमकी भेग बुजवणे आणि खड्ड्याचा तळच बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांत मी वर पुरेसा फरक केला नव्हता. तुमच्याकडे भिंत बुजवली आणि खड्डा उघडा ठेवला, हा क्रम बरोबर आहे.

तारवाला (14 जानेवारी)

पंपाविषयी बोलतो. दर अर्ध्या तासाने पंप सुरू होतो म्हणजे दिवसाला 48 वेळा. मोटर सुरू होतानाच सर्वांत जास्त विद्युतप्रवाह खेचते आणि तेव्हाच तापते. तुमचे पंप चालून जळालेले नाहीत, सुरू होऊन होऊन जळाले आहेत. 3 अश्वशक्तीचा पंप तेच पाणी अर्ध्या मिनिटात काढेल आणि तितक्याच वेळा सुरू होईल. त्याऐवजी तरंगत्या स्विचची दोरी मोकळी करा. तुमच्याकडे सुरू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत जेमतेम वीतभर अंतर असणार. ते 40 सेंटिमीटर ठेवा. एका पंपावर अवलंबून राहण्यापेक्षा 1 अश्वशक्तीचेच दोन पंप आलटून पालटून चालणारे ठेवा आणि त्यांच्या वर तिसरा तरंगता स्विच लावून त्याची घंटा पहारेकऱ्याच्या खोलीत वाजू द्या.

आणि विजेची गळती होताच 30 मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरोधक स्विच पॅनेलमध्ये आहे का, हे आजच पाहा. केबलचा जोड खड्ड्यात पाण्याजवळ टेप गुंडाळून सोडलेला मी अनेकदा पाहिला आहे. पुण्यात 25 जुलै 2024 च्या पुरात पुलाची वाडी येथे साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला होता. पाण्यात उतरलेल्या माणसाला विजेशी दुसरा डाव खेळता येत नाही.

एडिसनवासी (14 जानेवारी)

न्यू जर्सीतून लिहिते आहे. येथे जवळजवळ प्रत्येक घराला तळघर असते आणि त्यात असाच, पण बादलीएवढा खड्डा असतो. 1 सप्टेंबर 2021 रोजी आयडा चक्रीवादळाच्या अवशेषांनी जो पाऊस पाडला, त्या रात्री आमच्या गल्लीतील वीज गेली आणि पंप मुके झाले. आमच्याकडे बॅटरीवरचा दुसरा पंप होता म्हणून पाणी पहिल्या पायरीवरच थांबले. समोरच्यांचे धुलाईयंत्र तरंगत होते. कोथरूडमध्ये जनित्र असेलच, परंतु त्यावर लिफ्ट आणि जिन्यातील दिवे जोडलेले असतात, पंप जोडलेला आहे का ते पाहावे. मी महिन्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप स्वतःहून सुरू होतो का, हे तपासते. सासूबाई याला अमेरिकेतील अभिषेक म्हणतात.

खजिनदार_बाई (14 जानेवारी)

उपसलेले पाणी गटारात सोडण्याऐवजी बागेला आणि गाड्या धुण्याला का वापरू नये? टँकरला पैसे मोजणाऱ्या शहरात रोज हजारो लिटर पाणी फेकून देणे मला तरी पटत नाही.

निवृत्त_हिवताप (14 जानेवारी)

वापरावे, परंतु आधी प्रयोगशाळेत जंतुपरीक्षण करून घ्यावे. खड्ड्याच्या शेजारूनच सांडपाण्याची वाहिनी जात असते आणि पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध असते असे नाही. शिवाय त्याची नळी स्वतंत्र असावी, पिण्याच्या पाण्याच्या नळीशी तिचा कोठेही सांधा नसावा. तात्पुरता तर मुळीच नको.

पायरी_क्रमांक_सात (15 जानेवारी)

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. खड्डा साफ करायला पहारेकऱ्याला किंवा कोणालाही आत उतरवू नका. आमच्या इमारतीत एका माणसाला शिडी लावून खाली पाठवले होते. दोन मिनिटांत तो खालीच बसला. वरच्यांनी त्याला दोरी टाकली, ती सुदैवाने त्याला पकडता आली आणि तो वाचला. कुजणाऱ्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साठतो. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास आधी येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, म्हणजे वास गेला तेव्हाच धोका वाढलेला असतो. गटारात आणि मैलाटाकीत सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तुमचा खड्डा गटार नाही असे कोणी म्हणेल, परंतु वायूला तो फरक कळत नाही. गाळ काढायला नळीचे सक्शन यंत्र मिळते, ते मागवावे.

कोथरूडचा_सचिव (21 जानेवारी)

सर्वांचे आभार. मुरूम_माती यांच्या सांगण्याप्रमाणे दोन रात्री जागलो. सोबतीला खजिनदार होते. त्यांची झोपमोड झाल्यामुळे त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत माझी बाजू अधिकच जोरात मांडली.

पंप बंद असताना पातळी तासाला 25 सेंटिमीटर चढली. खड्ड्याचे क्षेत्रफळ 1.44 चौरस मीटर, म्हणजे तासाला 360 लिटर आणि दिवसाला 8640 लिटर. तीनदा मोजले, आकडा फारसा बदलला नाही. तारवाला यांचा अंदाजही खरा ठरला, कारण तरंगत्या स्विचच्या दोन पातळ्यांत फक्त 12 सेंटिमीटर अंतर आहे. परतीची झडप ठीक आहे. पंपाची नळी फाटकाबाहेरच्या पावसाळी चेंबरमध्ये उघडते आणि तो तुंबलेला नाही.

दुसऱ्या रात्री टाकी बंद ठेवली. टाकी सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत तिची पातळी साडेचार सेंटिमीटर उतरली, म्हणजे 1080 लिटर पाणी गेले, तासाला 180 लिटर. क्षारमापक यंत्राने नळाच्या पाण्याला 90, बोअरच्या पाण्याला 600 आणि खड्ड्यातील पाण्याला 340 दाखवले.

मुरूम_माती (21 जानेवारी)

वा! दोन वेगळ्या मोजण्यांनी एकच उत्तर दिले, असे क्वचितच घडते. खड्ड्यात तासाला येणाऱ्या 360 लिटरपैकी 180 लिटर टाकीतून येते, म्हणजे निम्मे. आणि 90 व 600 यांचे निम्मे-निम्मे मिश्रण केले तर 345 येते. तुमचे यंत्र 340 दाखवते. निम्मा संप तुमच्या टाकीने पुकारलेला आहे आणि निम्मा टेकडीने.

टाकीचे काम लगेच हाती घ्या, आणि ते केवळ पाणी वाया जाते म्हणून नव्हे. ज्या भेगेतून आज पाणी बाहेर जाते, त्याच भेगेतून पावसाळ्यात, बाहेरचे भूजल चढलेले आणि टाकी अर्धी रिकामी असताना, बाहेरचे पाणी आत येऊ शकते. ते पाणी 44 घरे पितात.

निवृत्त_हिवताप (21 जानेवारी)

मागच्या पावसाळ्यात सोसायटीत पोटाच्या तक्रारी वाढल्या होत्या का, हे सहज विचारतो.

कोथरूडचा_सचिव (22 जानेवारी)

काका, आपण विचारल्यावर आठवले. ऑगस्टमध्ये एका विंगेतील चार-पाच घरांत जुलाबाचा त्रास झाला होता आणि आम्ही सर्वांनी त्याचे खापर गणपतीआधीच्या एका वाढदिवसाच्या जेवणावर फोडले होते. खरे कारण आता सांगता येणार नाही, परंतु त्या घरच्या वहिनींची क्षमा मागण्याचा ठराव मांडावा लागेल असे दिसते.

कोथरूडचा_सचिव (2 मार्च)

धागा वर आणतो आहे. टाकी रिकामी केली तेव्हा भिंतीतून जाणाऱ्या नळीभोवतीचा सांधा खिळखिळा झालेला आढळला. तो फोडून नव्याने भरला, टाकी धुऊन निर्जंतुक केली आणि तीन दिवस टँकरवर काढले. आता टाकीची पातळी रात्रभर हलत नाही. खड्ड्यात पाणी तासाला 11 सेंटिमीटर चढते. तरंगत्या स्विचचे अंतर 40 सेंटिमीटर केल्यामुळे दिवसाला 48 वेळा सुरू होणारा पंप आता सहा-सात वेळा सुरू होतो. जुना 1 अश्वशक्तीचाच ठेवला, त्याला जोडीदार आणला, पॅनेलमध्ये गळतीरोधक स्विच बसवला. खड्ड्यावर बारीक जाळीचे झाकण आहे आणि दर शनिवारी तळ कोरडा करून भिंती वरूनच घासल्या जातात. जंतुपरीक्षणाचा अहवाल फारसा चांगला आला नाही, म्हणून ते पाणी सध्या फक्त झाडांना देतो.

टवाळ (2 मार्च)

म्हणजे टेकडी अजून संपावरच आहे, फक्त टाकी कामावर रुजू झाली. तीर्थक्षेत्राचा प्रस्ताव मी मागे घेत नाही.

ठाण्याचा_रहिवासी (2 मार्च)

लिफ्टच्या खड्ड्याचे काय? अशा तळघरांत पाणी तिथेही साचते आणि खालचे स्विच गंजतात.

कोथरूडचा_सचिव (3 मार्च)

तुम्ही नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. त्यात बोटभर पाणी आहे. टाकी दुरुस्त झाल्यावर ते आटेल असे वाटले होते, पण महिना झाला तरी तसेच आहे.

मुरूम_माती (3 मार्च)

खडू शिल्लक आहे ना?

कोथरूडचा_सचिव (3 मार्च)

आहे. लिफ्टच्या तंत्रज्ञाला उद्या सकाळी सातला बोलावले आहे. दोन तास लिफ्ट बंद राहील, हे सातव्या मजल्यावरच्या आजोबांना आज रात्रीच सांगून ठेवतो.